चौथ्या चाकाची हवा

उभं आयुष्य नाशकात काढूनही मी पेठच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. पेठ हे एके काळी लहानसं संस्थान होतं, हे मी महाविद्यालयात मुलांना शिकवत आलो. पण तो मुलूख पाहिला होता तो नकाशावर. माझी पत्नी नीला मात्र महिन्यातले दोन रविवार तिकडे जायची. ती स्त्रियांची डॉक्टर. आठवडाभर शहरातला दवाखाना, आणि हे दोन रविवार पेठपलीकडच्या पाड्यांसाठी. उजाडायच्या आत तिची पांढरी मोठी गाडी फाटकाबाहेर पडायची आणि जेवणाच्या वेळेला लाल मातीनं माखून परत यायची. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसलेला असायचो. "कसं झालं?" मी विचारायचो. "छान झालं. तू जेवला नाहीस ना अजून?" ती म्हणायची, आणि आम्ही पानं घ्यायचो. त्या रविवारांबद्दल मला ठाऊक असलेलं जवळजवळ एवढंच.

मागच्या वर्षी नीला गेली. त्यानंतर मी तिकडे जाऊन आलो. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहावं असं तिथं पुष्कळ आहे आणि ते मी लिहिणारही आहे. पण मी डोंगर पाहायला गेलो नव्हतो. जे लोक माझे रविवार घेऊन बसले होते ते कसे दिसतात, ते मला पाहायचं होतं. त्या प्रवासाचं खरं कारण मत्सर, हे आधीच सांगितलेलं बरं.

नाशिक, द्वारका

नीला गेल्यावर गाडी फाटकाशी उभी राहिली आणि तिला दोन मागण्या आल्या. एक माझ्या भाच्याची, अमोलची. तो सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. "मामा, अशी एसयूव्ही उन्हात सडवायची नसते," तो म्हणायचा. त्याला ती शिर्डीला, मुंबईला, बायकोमुलांना घेऊन फिरवायची होती. दुसरी मागणी सुलभाताईंची. त्या देवळाली कॅम्पात राहतात, नीलाच्या दवाखान्यात परिचारिका होत्या आणि दर फेरीला तिच्याबरोबर जायच्या. ज्या आरोग्य केंद्राकडून पाड्यांवरची ही तपासणी शिबिरं चालतात त्यांनी नीलानंतर एक तरुण डॉक्टर नेमला होता; पण तो पेठपर्यंत एसटीनं, पुढं वडापच्या जीपनं आणि उरलेलं पायी जायचा. तपासणीचं यंत्र आणि औषधांची खोकी नाशकातच पडून राहायची. गाडी केंद्राला द्या, असं सुलभाताई प्रत्येक भेटीत शांतपणे म्हणायच्या.

मला ते सहन व्हायचं नाही. ज्यांना तिचे सगळे रविवार मिळाले त्यांनाच आता गाडीही द्यायची? त्यापेक्षा अमोल बरा, असं मी मनाशी ठरवत आणलं होतं. तेव्हा सुलभाताई म्हणाल्या, "एकदा येऊन बघा सर. मग कुणालाही द्या."

पण गाडी हलवायची तर आधी टायर बदलणं भाग होतं. वर्षभर एका जागी उभी राहून ती चाकांवर बसली होती आणि टायरांच्या कडांना उन्हानं भेगा गेल्या होत्या. हवा बरीच उतरली होती, तरी हळूहळू चालवत मी ती द्वारकेजवळच्या हनीफभाईंच्या दुकानी नेली. नीला तिथंच जायची.

हनीफभाईंनी आधी गाडीला ओळखलं, मग मला. रुपयाचं नाणं टायरच्या खाचेत उभं घालून त्यांनी खोली पाहिली. "झीज नाही, सर. मॅडम पळवायच्याच नाहीत गाडी. हे टायर चालून नाही, उभं राहून मेलेत." मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी मात्र ठणठणीत निघाली, कारण तिला नीलानं जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं होतं. शेवटच्या फेरीहून आल्यावर तिनं इथं चाकांच्या जागा बदलून घेतल्या होत्या. पाचही टायर सारखे झिजावेत म्हणून तसं करतात. जी स्टेपनी असते तिलाही पाळी येते. "ड्रायव्हर साइडचं मागचं चाक त्या वेळी स्टेपनीला टाकलं आपण," हनीफभाई म्हणाले. "त्यानंतर गाडी कुठं चाललीच नाही. स्टेपनी राहू द्या, चारच घ्या."

ते हे सहज सांगत होते आणि मला त्या सहजपणाचाच राग येत होता. माझी बायको गाडी कशी चालवायची, हे या गृहस्थांना माझ्याहून नीट माहीत होतं.

मग त्यांनी विचारलं, "गाडी कुठं चालणार, सर?"

टायरची निवड या एका प्रश्नावर होते. गाडी डांबरावर चालणार असेल तर सलग, बारीक खाचांचे टायर घ्यायचे. ते आवाज करत नाहीत आणि डिझेलही कमी पितात. दगडमातीत जायचं असेल तर मोठ्या गुठळ्यांचे आणि जाड कडांचे. दोन्हीकडे जायचं असेल तर मधले. म्हणजे अमोलला द्यायची तर पहिले, सुलभाताईंना द्यायची तर बाकीच्या दोहोंपैकी. मी भिंतीला टेकवलेले टायर पाहू लागलो.

"मॅडम मधलेच घ्यायच्या," हनीफभाई म्हणाले.

"मोठ्या गुठळ्यांचे दाखवा," मी म्हणालो.

ते रस्त्यावर गुणगुणतात, डोकं उठतं, कडाही कडक असतात, असं त्यांनी सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही. मला मधलं काही नको होतं. तिनं घेतलं त्याहून वरचढ मी घेतलं, हे कुणाला तरी दिसायला हवं होतं. ते कुणाला, हे मलाही सांगता आलं नसतं.

एकेक चाक उतरवून त्यांनी वॉल्व्हमधली पिन काढली. जुन्या टायरमधली हवा उबट रबराच्या वासाची असते. मी खुर्ची घेऊन शेजारीच नव्या टायरांचं माहितीपत्रक वाचत बसलो होतो. चारही चाकांतली हवा माझ्या पायांशी फुसफुसत निघून गेली आणि मी पान उलटलं.

निघताना हनीफभाईंनी गल्ल्याशेजारच्या टोपलीतून एक लिंबू काढून दिलं. गिऱ्हाईक विसरून येतं म्हणून ते लिंबं ठेवतात. ते पुढच्या चाकाखाली ठेवून मी गाडी पुढं घेतली. हवा पंधरवड्यातून एकदा बघा, त्यांनी बजावलं, आणि सकाळी गाडी हलायच्या आधी बघा. चाललेला टायर तापतो आणि मीटर खोटं बोलतो.

गाडीत पायानं मारायचा एक जुना पंप असायचा, तो घरी शोधूनही सापडला नाही. मी सिगारेट लायटरच्या खोबणीत वायर खुपसली की चालणारा विजेचा छोटा पंप विकत घेतला. आता नीलाकडे नव्हत्या अशा दोन गोष्टी माझ्याकडे झाल्या.

पेठ रस्ता

दिवाळी होऊन गेली होती. सुलभाताई सकाळच्या पहिल्या बसनं कॅम्पातून आल्या. गाडी त्याच चालवणार होत्या. नीलानं त्यांना शिकवली होती. त्यांनी बसल्या बसल्या हात खाली घालून, न बघता, खुर्ची पुढं घेतली आणि ती नेमकी नीलाच्या जागी जाऊन बसली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

मखमलाबादच्या बाजूचे द्राक्षमळे संपेपर्यंत ठीक होतं. मग गाडीनं वेग घेतला आणि टायरांनी सूर धरला. खालून सतत एक घुमारा येत होता, जणू कुणी आमच्या पायाखाली तंबोरा ठेवला होता. बोललेलं ऐकू येईना.

"सर, हे टायर आहेत का भजनी मंडळ?" सुलभाताई ओरडून म्हणाल्या.

"मजबूत आहेत," मी ओरडून सांगितलं.

"हो, गळा मजबूत आहे."

त्यांचे यजमान तोफखान्यात हवालदार होते. तोफांच्या सरावाच्या आवाजात संसार केला, तेव्हा एवढ्यानं काय होतंय, असं त्या पुढं म्हणाल्या. पण पेठ येईपर्यंत पुन्हा बोलल्या नाहीत.

नाशकातला माणूस डोंगर म्हटलं की त्र्यंबकचा उघडा कातळ डोळ्यांसमोर आणतो. इकडचे डोंगर तसे नाहीत. सावळ घाट चढला की ते एकमेकांना चिकटून, गवत पांघरून बसलेले दिसतात. गवत तेव्हा पिकून पिवळं पडलेलं होतं आणि वारा आला की सगळा उतार एकदम कूस बदलायचा. सागाची पानं किडीनं खाऊन जाळीसारखी झाली होती, त्यातून आभाळ दिसायचं. उतरणीच्या तुकड्यांवर नागली, म्हणजे नाचणी, कापून ठेवली होती. आपल्याकडे शेत म्हटलं की चौकोन दिसतो. इथं ज्याला जिथं माती सापडली तिथं शेत, आणि त्याचा आकार त्या मातीचा. हे सगळं सुंदर होतं. ते सुंदर आहे याचाही मला हेवा वाटला, कारण इतकी वर्षं दर पंधरवड्याला ते पाहून ती घरी यायची आणि "छान झालं" या दोन शब्दांत मिटवून टाकायची.

पेठला बाजारात चहासाठी थांबलो. हॉटेलवाले भास्करराव आधी गाडीभोवती एक फेरी मारून आले. "बाई, ट्रॅक्टरचे बसवले का?" त्यांनी सुलभाताईंना विचारलं. मग मी कोण ते कळल्यावर हात पुसून नमस्कार केला आणि आम्हाला बाकावर नीट बसवलं. चहा आला तसा ते म्हणाले, "हवा हितंच काढायची ना?"

मला काही कळेना. सुलभाताईंनी सांगितलं, की पुढं डांबर सुटतं आणि खालच्या पाड्याची वाट सुट्या दगडांची आहे. नीला इथंच चारही टायरांतली थोडी थोडी हवा सोडायची. मऊ टायर दगडावर पसरतो आणि धरून ठेवतो. चहा होईतो हवा निघायची.

"त्या टायरांना लागत असेल," मी म्हणालो. "हे अशाच रस्त्यासाठी केलेले आहेत. पत्रकात तसं लिहिलंय."

भास्कररावांनी सुलभाताईंकडे पाहिलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि "चला सर," एवढंच म्हटलं.

खालचा पाडा

डांबर संपलं तिथून वाट खाली जाते, ओढा ओलांडते आणि लगेच छातीवर येणारा चढ लागतो. उतारावर गाडी इतकी आदळत होती, की मागं ठेवलेले सुलभाताईंचे बेसनाचे लाडू फुटून पिशवीत पीठ झालं. ओढ्यापर्यंत पोहोचलो. चढावर मात्र टणक चाकांखालून दगड निसटू लागले. गाडी जागीच गुरगुरली, धूळ उडाली आणि आम्ही हळूहळू मागं घसरून पुन्हा ओढ्यात आलो. दुसऱ्यांदा तेच झालं. घसरताना मागची बाजू कडेच्या खोल चरीकडे गेली, तेव्हा मी दाराची कडी घट्ट धरली होती.

सुलभाताईंनी इंजिन बंद केलं. त्या पाण्यात उतरल्या, केसांतली पिन काढली, आणि एकेका चाकाशी वाकून वॉल्व्हमध्ये दाबून धरली. मी बाहेर येऊन उभा राहिलो. काही बोलावंसं वाटत होतं, पण पत्रकात पुढं काही लिहिलेलं नव्हतं.

"टायर चांगलेच आहेत, सर," त्या वर न बघता म्हणाल्या. "फक्त फुगलेत."

तिसऱ्या वेळी गाडी बोका चालावा तशी आवाज न करता चढून गेली.

पाडा म्हणजे उतारावर विखुरलेली कुडाची घरं, एक शाळा आणि तिच्यासमोर आंब्याचं झाड. गाडीचा आवाज ऐकून माणसं वाटेवर येऊन उभी होती. बायका, म्हातारे, कडेवर मुलं. गाडी दिसल्यावर त्यांचे चेहरे उजळले आणि ती चालवणारी कोण आहे हे दिसल्यावर थोडे विझले. तसं झालेलं मी स्वच्छ पाहिलं. माझ्याही घरी वर्षभर फाटक वाजलं की तसंच होत होतं. पण ते फक्त माझं आहे, अशी माझी समजूत होती.

केंद्राचा डॉक्टर त्या दिवशी रजेवर होता. सुलभाताईंनी शाळेच्या वर्गात वजनकाटा मांडला, गोळ्या दिल्या, पोटुशा बायांचा रक्तदाब पाहिला. मला काम नव्हतं. सखूबाई नावाच्या बाईंनी मला आपल्या ओट्यावर नेलं. पन्नाशीच्या, काटक, भराभर बोलणाऱ्या. नीलानं त्यांच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं केली होती, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं.

दुपारी त्यांनी जेवायला वाढलं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची काळी चटणी. आमच्या घरी भाकरी म्हणजे बाजरीची, कडक, पापुद्रा सुटलेली. नागलीची भाकरी जांभळट काळी, मऊ आणि जिभेला किंचित गोडसर लागते. आमटीत बुडवली तरी विरघळत नाही. चटणी कडवट, तेलकट आणि सुंदर. पाहुणा आला की आपण कपाटातली चांगली ताटं काढतो. इथली रीत वेगळी. नेहमी येणाऱ्याचं ताट एकदा ठरलं की ते त्याचंच. त्यात दुसऱ्या कुणाला वाढत नाहीत. सखूबाईंनी फळीवरचं एक चेपलेलं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट काढून पदरानं पुसलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "बाईंचं हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला चालतंय."

तिचं इथं ताट होतं. घरी आमची सहा ताटं सारखी होती आणि तिचं कुठलं हे मला सांगता आलं नसतं. मी जेवलो, भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि सगळा वेळ त्या ताटाचा मत्सर करत राहिलो.

काम संपेना म्हणून मुक्काम शाळेतच केला. झोपताना मी ठरवलं होतं, की सकाळी निघायचं, अमोलला फोन करायचा आणि हे प्रकरण संपवायचं. इथं तिचं जे काही होतं ते पुरेसं होतं. आणखी गाडी कशाला?

आंब्याखाली

सकाळी परतीची तयारी झाली. डांबरावर मऊ टायर चालवला तर तापून फाटतो, तेव्हा निघायच्या आधी हवा भरणं आलं. मी विजेचा पंप काढला, वायर खुपसली, नळी पुढच्या चाकाला लावली आणि बटण दाबलं. पंप कर्कश ओरडू लागला. माझ्या मनात थोडं समाधान होतं.

मान वर केली तर आंब्याखाली सगळा पाडा गोळा झाला होता. पुढं गणपत नावाचा, सखूबाईंचा थोरला मुलगा. त्याच्या हातात मी घरभर शोधलेला तो पायपंप होता. दांडा घासून चकचकीत केलेला, आतल्या चामड्याला तेल लावलेलं. सगळेजण माझ्या ओरडणाऱ्या डब्याकडे पाहत होते.

"बंद करा, सर," सुलभाताई हळू म्हणाल्या.

"का? होईल एवढ्यात."

"ही त्यांची फी आहे."

मग त्यांनी मला सांगितलं. नीला इथं पैसे घेत नसे आणि या लोकांना फुकट घेणं जमत नसे. कोंबडी आणली तर ती परत करायची, त्यावरून भांडणं व्हायची. शेवटी एकदा हवा भरताना गणपतनं तिच्या हातातून पंप घेतला, आणि तेव्हापासून ठरून गेलं. पंप पाड्यातच राहायचा. पहिलं चाक वरच्या अंगाच्या घरांनी भरायचं, दुसरं खालच्या अंगाच्या. तिसरं चाक मागच्या फेरीनंतर ज्यांच्या बायका बाळंत झाल्या त्या नवऱ्यांचं. हा नियम नीलाचा होता.

मी बटण बंद केलं. अचानक फार शांत झालं.

पहिलं चाक म्हाताऱ्यांनीच सुरू केलं. एकेक घर पुढं यायचं, दमेपर्यंत पाय मारायचं, आणि पुढच्याला जागा द्यायचं. दुसरं चाक खालच्या घरांतल्या बायांनी भरलं. नऊवार खोचून, एकमेकींना ढकलत. तिसऱ्या चाकाला गर्दी झाली. वर्षभर डॉक्टरबाईंची गाडी आली नव्हती आणि बाळंतपणं काही थांबली नव्हती. पाच-सहा तरुण नवरे मान खाली घालून ओळीनं उभे राहिले आणि बायांना तोंड सुटलं.

"आरं, जोर लाव की, जुळी झाल्यात तुला. दोन पायांनी मार."

"त्याचा जोर आधीच सरला."

"पुढल्या खेपेला पन ह्योच येनार बघा पयला."

सगळे हसत होते. सुलभाताई हसता हसता डोळे पुसत होत्या. मीही हसलो असतो. पण या हसण्यात ती दर पंधरवड्याला उभी असायची आणि घरी येऊन मला जेवलास का विचारायची, हे मला गिळवत नव्हतं.

तिसरं चाक झालं आणि हसणं थांबलं. गणपतनं पंपाची नळी ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या चाकाला लावली आणि तो बाजूला झाला. कुणीच पुढं आलं नाही.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"चौथं बाईंचं," गणपत म्हणाला. "त्या सोता भरायच्या. कुनाला हात लावू देत नव्हत्या."

घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण ती मला उघडायला सांगायची.

मी कोट काढून बॉनेटवर ठेवला आणि पाय पंपावर ठेवला. चार-पाच दाब मारले तर गुडघा कुरकुरला. मागून आवाज आला, "टाच नको, सर. चवडा लावा. बाई चवड्यानं मारायच्या." मी चवडा लावला. मग म्हणे दांड्याला धरून कमरेतून वाकायचं नाही. तसं केलं. इथल्या प्रत्येकाला तिचा पाय कसा पडायचा ते पाठ होतं. मी दम खात थांबलो तेव्हा सखूबाई चाकाशी येऊन उकिडव्या बसल्या.

"सर, तुमाला येक सांगू का?" त्या म्हणाल्या. "आमी तुमच्यावर लय जळायचो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माझ्यावर?"

"मंग. आमी म्हनायचो, बाई, अंधार पडंल, आज ऱ्हावा. येक रात ऱ्हावा. भात टाकते. कितींदा म्हनलं आसंल. येकदा पन राहिल्या नाय. म्हनायच्या, नाय सखूबाई, सर जेवायचे थांबलेत." त्यांनी चाकावर थाप मारली. "हितं कुनी तापानं फनफनलेलं आसलं तरी गोळी देऊन, समदं नीट करून, घरला. मी सुनेला म्हनायचे, कोन हाय बया ह्यो सर, त्याला हातानं वाढून घेता येत नाय का?"

बायांमध्ये खसखस पिकली. सुलभाताई म्हणाल्या, "सखूबाई, पुरे." पण मी हात वर करून त्यांना थांबवलं. मला ते पुन्हा ऐकायचं होतं.

"काय म्हणायची?" मी विचारलं.

"सर जेवायचे थांबलेत," सखूबाई म्हणाल्या.

मी पुन्हा पाय मारायला लागलो. दर रविवारी मी गॅलरीत बसून समजत होतो, की माझ्या वाट्याला उरलेलं येतं. लाल माती, थकवा आणि दोन शब्द. इकडे एक आख्खा पाडा आंब्याखाली उभा राहून, त्यांच्या वाट्यातलं घेऊन जाणाऱ्या गाडीकडे पाहत, माझा मत्सर करत होता. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

चाक फुगत आलं तसा दाब जड झाला. शेवटी शेवटी मी पूर्ण वजन टाकत होतो. गणपतनं टायर मुठीनं ठोकून पाहिला. "झालं," तो म्हणाला. मी सरळ उभा राहिलो, घाम पुसला आणि माझी नजर मागच्या दारावरच्या स्टेपनीवर गेली.

ड्रायव्हर साइडचं मागचं चाक स्टेपनीला टाकलं आपण, असं हनीफभाई म्हणाले होते. त्यानंतर गाडी कुठं चालली नाही.

बाकीच्या तीन चाकांतली हवा या लोकांनी भरलेली होती आणि ती द्वारकेला माझ्या पायांशी निघून गेली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. चौथ्यातली अजून इथं होती, रेक्झिनच्या कव्हरात, माझ्या हाताच्या अंतरावर. हनीफभाईंनी वरून थोडी घातली असेलही. मी त्यांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

परत

पेठला भास्कररावांनी न विचारता चहा ठेवला. सुलभाताईंना मी तिथंच गाडीच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा दिला. त्यांनी तो मुठीत धरून ठेवला, पर्समध्ये टाकला नाही.

"आणि अमोल?" त्यांनी विचारलं.

"अमोलला मी सांगेन. त्याला हे टायर असेही आवडले नसते."

"कुणालाच आवडणार नाहीत, सर." मग त्या जरा गंभीर झाल्या. "हे झिजले की मधले घालते हं. चालेल ना?"

मी चालेल म्हणालो. एक अट मात्र सांगितली, की स्टेपनी मी ठेवून घेणार. त्यांनी मला वेडा ठरवलं. स्टेपनीशिवाय गाडी देतं का कुणी, आणि तीही दगडाच्या वाटेवर चालणारी, असं त्या घाटभर त्या घुमाऱ्यावर आवाज चढवून सांगत होत्या. ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मी द्वारकेला जाऊन पाचवं चाक घेतलं, लोखंडी रिंगेसकट. ते कशाला, असं हनीफभाईंनी विचारलं नाही. लिंबू मात्र दिलं.

गाडी आता महिन्यातले दोन रविवार खालच्या पाड्याला जाते. विजेचा पंप मी अमोलला देऊन टाकला. त्या रविवारी मत्सर मला अजूनही खातो. आता तिकडे पहिलं चाक चालू असेल, आता तिसऱ्यापाशी हसत असतील, असं पुस्तकात बोट घालून मी मनाशी मोजत बसतो. चौथं कोण भरतं, ते मी सुलभाताईंना विचारलेलं नाही. पुढच्या महिन्यात मीच जाईन म्हणतो.

नीलाचं चाक माझ्या अभ्यासिकेत आहे, दोन कपाटांच्या मधे, कव्हर घालून. तिथं ऊन येत नाही. पंधरवड्यातून एकदा, सकाळी गारवा असताना, मी कव्हर काढून ते पाहतो. मीटर लावला की दर वेळी थोडी हवा बाहेर निसटते, म्हणून मीटर लावत नाही. अंगठ्यानं दाबून पाहतो.

अजून घट्ट आहे.